अण्णांचा डबा आणि खंडेनवमी

लताचा फोन आला तेव्हा मी एका दवाखान्यातल्या प्रिंटरशी भांडत होते. डबा परत बंद पडलाय, म्हणाली. आज बतकम्माचा शेवटचा दिवस, संध्याकाळी तिच्याकडे बायका जमणार आणि अम्मम्माची, म्हणजे आजीची, गाणी काही लागत नाहीत.

लता जर्मनीत. डबा सोलापुरात, पूर्व भागात, तिच्या आईवडिलांच्या घरी. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि तो बसवलेला मी, म्हणजे शिव्या खायचा पहिला मान माझा.

डबा म्हणजे नॅस. घरच्या वायफायला जोडलेलं एक कपाट समजा. त्यात हार्ड डिस्क असतात. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ एका जागी ठेवायचे, मग कुणाच्याही फोनवरून उघडायचे. त्यावरच मीडिया सर्व्हर नावाचं एक सॉफ्टवेअर टाकलं की टीव्हीवर घरचे व्हिडिओ चॅनेलसारखे दिसतात. लता तिकडे बसून हितलं बघते, ते त्याच्याच जोरावर.

या डब्यात खरी किमतीची गोष्ट एकच होती. अक्कांच्या, म्हणजे लताच्या आईच्या, आईची गाणी. बतकम्मा हा आमच्याकडच्या तेलुगू विणकर घरांतला फुलांचा सण. फुलांचा उतरता ढीग रचायचा, तीच बतकम्मा, तिच्याभोवती फेर धरायचा आणि गायचं. ही म्हातारी पूर्ण गल्लीची गाणी सांगायची. कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओवाल्याने एका वर्षी तिचं सगळं गाणं कॅसेटवर घेतलं होतं. म्हातारी गेली. कॅसेटला बुरशी चढायला लागली, तेव्हा लताने ती डब्यात उतरवून घेतली. आणि अण्णांनी, म्हणजे लताच्या वडिलांनी, कॅसेट भंगारात दिली. का? तर आता डब्यात आहे की. हे मला नंतर कळलं, आणि मी कपाळाला हात लावला.

डबा बंद असल्याची तक्रार मला नवीन नव्हती. दरवेळी मी जायचे, दरवेळी मशीन ठणठणीत असायचं. अण्णांनी प्लग काढलेला असायचा. देवळात निघाले, काढ प्लग. लग्नाला निघाले, काढ प्लग. मी डब्याला बॅटरी लावून दिली होती, यूपीएस म्हणतात ती, लाइट गेली तरी डबा चालू राहावा म्हणून. अण्णा तिचंही बटण दाबून जायचे. "बंद करू नये" असा कागद चिकटवला, तर तो वाचून मेन स्विच बंद करायला लागले. म्हणजे डब्याला हात लावला नाही, असं म्हणायला मोकळे.

चिडायचे मी. पण माणूस असा की चिडून उपयोग नाही. मी ओरडून घेईपर्यंत शांतपणे ऐकायचे, मग अक्कांना चहा टाकायला सांगायचे. त्यांचं कारणही खोटं नव्हतं. त्यांचे पॉवरलूम होते, चादरी काढायचे. एका दुपारी सगळे जेवणावळीला गेले आणि मागे चालू लूमची मोटर पेटली. अर्धी शेड गेली. तेव्हापासून त्या घरात नियम, रिकाम्या घरात मशीन चालू ठेवायचं नाही. लूम विकले, नियम राहिला. अडचण एवढीच की हार्ड डिस्क आत गरगर फिरत असते. तिला रीतसर बंद करावं लागतं. सारखी वीज तोडली की ती कधी ना कधी दगा देते.

प्रिंटर तसाच टाकून गेले. या वेळी प्लग लावलेला होता. लाल दिवा लागला होता.

आत दोन डिस्क असतात आणि दोन्हींवर एकच मजकूर लिहिला जातो. एक गेली तर दुसरी शिल्लक, असा हिशोब. पण दोघी एकाच दिवशी घेतलेल्या आणि दोघींनी अण्णांचे सारखेच झटके खाल्लेले. एक पूर्ण गेली होती. दुसरी अडखळत फिरत होती, मधूनच कट कट आवाज करत. अशी डिस्क एकदा थांबली तर पुन्हा फिरेल याची काहीच खात्री नसते.

नवी डिस्क घातली आणि जुनीवरून कॉपी लावली. सगळ्यात आधी गाण्यांचंच फोल्डर. ते मुंगीच्या पावलानं सरकायला लागलं. खराब जागा आली की तिथंच पुन्हा पुन्हा वाचत बसायचं. मी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, हे आपणहून संपेपर्यंत कुणी कशालाही हात लावायचा नाही. थांबलं तर गाणी गेली.

अक्का पदराने डब्यावरची धूळ पुसायला गेल्या आणि हात मागे घेतला. संध्याकाळी सगळी गल्ली फुलं घेऊन तलावावर निघाली. नियमाप्रमाणे रिकाम्या घरात मशीन चालणार नव्हतं, म्हणून अण्णा घरीच राहिले. दरवर्षी अक्कांची बतकम्मा तेच उचलून न्यायचे म्हणे. या वर्षी शेजारच्यांनी नेली आणि अण्णा डब्यासमोर खुर्ची टाकून बसले. माझी चिडचिड कुठं गेली कळलंच नाही.

सकाळी पुन्हा गेले तर गाण्यांची कॉपी अजून चालूच. आणि अण्णा आंघोळ करून, सोवळं नेसून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभे. खंडेनवमी होती. या दिवशी पूर्व भागात मशीन चालत नाही. लूम, मोटर, शिलाई मशीन, सगळं पुसून बंद ठेवतात, पूजा करतात, दसऱ्याला चालू करतात. वर्षभर राबलेल्या मशीनला एक दिवसाची विश्रांती. घरातल्या सगळ्या वस्तूंची पूजा झाली होती. मिक्सरलासुद्धा कुंकू होतं. राहिला होता डबा.

मी हातापाया पडले. म्हटलं, हे मशीन नाहीच समजा, टीव्हीसारखं समजा. टीव्हीही बंद होता. मुहूर्त निघून चाललाय, म्हणाले. आयुष्यात एकदाही खंडेनवमीला मशीन चालवलं नाही, या वयात चालवणार नाही. हात स्विचकडे गेला आणि मी चक्क त्यांच्या आणि स्विचच्या मध्ये उभी राहिले. मोडनिंबची आहे मी, तोंडाने फटकळ आणि अंगाने भक्कम. पण सोवळ्यातल्या माणसाला ढकलायचं कसं?

अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मोठा आवाज नाही, काही नाही.

"अर्धी चादर लूमवर ठेवून पूजा केली का हो तुम्ही कधी?"

अण्णा थांबले.

"चादर उतरली की मगच हळदकुंकू लावत होता की. मुहूर्त गेला तर जाऊ दे म्हणत होता. आता माझ्या अम्माची चादर आहे ती. उतरू दे."

अण्णांनी ताट खाली ठेवलं. खुर्ची ओढली आणि पुन्हा डब्यासमोर बसले. नैवेद्य थांबला, म्हणून जेवणं थांबली. मीही उपाशी बसले, पूजेआधी त्या घरात कुणी मला पानावर बसवणार नव्हतं आणि मीही उठणार नव्हते.

कॉपी दुपार कलल्यावर संपली. मग मी अण्णांच्या हातात फोन देऊन त्यावरूनच डबा रीतसर बंद करायला लावला. दिवा विझेपर्यंत त्यांनी पापणी हलवली नाही. मग पूजा झाली, नारळ फुटला. पंख्याच्या जाळीवर कुंकू टाकू नका एवढं मात्र मी ओरडलेच. काढून ठेवलेल्या जुन्या डिस्कांनाही त्यांनी हळदकुंकू लावलं. राबल्या की त्यापण, म्हणाले.

आता तुम्ही विचाराल, गाणी लागली का? तेच तर. कॉपी पूर्ण झाली म्हणजे व्हिडिओ चालेलच असं नाही, खराब जागेवरून उचललेली फाइल कधीकधी उघडतच नाही. लावून बघायला हवी होती. पण मशीन बंद. दसऱ्यापर्यंत बंद. अक्कांनी बळेबळे पुरणपोळी वाढली, ती गिळली आणि घरी येऊन जीव मुठीत धरून बसले.

दसऱ्याला सकाळी अक्कांचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. फोन टीव्हीसमोर धरला असावा. टाळ्यांचा ठेका आणि एका म्हातारीचा खणखणीत आवाज. तेलुगू, मला एक शब्द कळत नाही. दुसऱ्या ओळीला अक्का तिच्यात मिसळल्या, आणि मग मागून अण्णांचा बेसूर आवाजही आला. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि डोळे पुसले.

त्या गाण्यांची एक कॉपी आता लताकडे जर्मनीत आहे, एक माझ्या दुकानात. डब्याच्या दर्शनी बाजूला एक मोठं बटण आहे. ते दाबून धरलं की डबा रीतसर बंद होतो, असं मी लावून दिलंय. देवळात निघताना अण्णा ते दाबतात, आल्यावर चालू करतात. लताने त्यांच्या देवळाच्या वेळा पाठ केल्यात.

आणि नव्या गिऱ्हाइकाला किती टीबी, म्हणजे केवढी जागा, हवी हे मी नंतर विचारते. आधी विचारते, तुमच्या घरात मशीन कधी बंद ठेवता?