अक्काची पिशवी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, असं लिहिणार होतो. पण ते आता खरं राहिलं नाही. गेल्या भाऊबीजेला मी सांगितलं. भरल्या घरात, शुद्धीत, मोठ्यानं. आणि एकानंही विश्वास ठेवला नाही. म्हणजे सांगूनही न सांगितल्यासारखंच झालं, नाही का? म्हणून आता तुम्हाला सांगतो. तुमची-माझी ओळख नाही, तेच बरं. ओळखीच्यांनी माझ्याबद्दल काय ठरवायचं ते ठरवून टाकलंय. तुम्ही अजून काही ठरवलेलं नाही. शेवटी ठरवा. वाईट ठरवलंत तरी चालेल — मी तुम्हाला खूश करायला बसलेलो नाही.

मी खामगावचा. सारी उमर जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेली. गाडी आली की मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ओढून पाहायचा आणि सांगायचं — हा चांगला, हा मध्यम, हा कवडी. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला. पुष्कळदा बोलायचीही गरज नसे. मी नुसती बोटानं खूण केली की हमाल ढीग वेगळा करत, आणि एकदा कवडीत गेलेल्या ढिगाकडे पुन्हा कोणी पाहत नसे. ही बढाई नाही. — नाही, बढाईच आहे. असू द्या. माझ्या शब्दाला वजन होतं, माझ्या बोटालासुद्धा होतं, हे तुम्हाला कळायला हवं. नाहीतर पुढचं कळणार नाही.

अक्का माझी थोरली बहीण. वडनेर भोलजीला दिलेली. वांगी आणि सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, लावायची आणि आठवडी बाजारात स्वतः बसून विकायची. तिच्याकडे लोक भाजीसाठी कमी आणि बोलणी खायला जास्त येत. कोणी वांगं दाबून दाबून पाहायला लागला की म्हणे, "काऊन बे, सोयरीक पाहून राह्यला का? घ्याचं तं घे!" आणि तो माणूस हसत हसत अर्धा किलो जास्तच घेऊन जाई. मला ती अजून बाळू म्हणते. आता मला बाळू म्हणणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

माझ्या नीलेशचा साखरपुडा ठरला तेव्हा त्याची आई नव्हती. घरातली मोठी बाई म्हणून अक्का आमच्याबरोबर मुंबईला आली. नऊवारी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पानाची चंची आणि एक शाल. त्या पिशवीकडेच येतोय मी. जरा दमानं येऊ द्या.

आधी हे लिहितो — मी प्यायचो. रोज संध्याकाळी, थोडी, आणि लपून. बायको गेल्यावर सुरू केली असं लिहिलं तर तुम्हाला माझी कीव येईल. तसं नाही. ती होती तेव्हाही पीत होतो. कापसाच्या धुळीनं घसा धरायचा म्हणूनही नाही. आवडायची म्हणून. आणि आमच्या गल्लीतलं दारूचं दुकान हटवायला जो मोर्चा निघाला, त्यात पहिल्या रांगेत मी होतो. त्या संध्याकाळीही घरी येऊन प्यालो. व्याह्यांनी लग्नाची बोलणी करताना अगदी नम्रपणे विचारलं होतं — तुमच्याकडे कोणी घेत नाही ना? मी म्हटलं, आमच्या घरात बाटली असते ती गुलाबपाण्याची. केवढे हसले होते ते. माणसं चांगली होती. अजूनही आहेत.

साखरपुडा सकाळी झाला. संध्याकाळी व्याह्यांनी दोन्हीकडच्या माणसांना समुद्रात जेवायला न्यायचं ठरवलं. दुमजली बोट — खाली जेवण, वर गाणी आणि जादूचे प्रयोग, आणि पाण्यातून सारी मुंबई दिव्यांनी उजळलेली दिसणार. गाडीत हे ऐकून अक्का म्हणाली, "पाण्यात बसून जेवाचं? म्हशीवाणी?" सगळे हसले. विहीणबाई तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. ते हसणं लक्षात ठेवा. अक्काच्या वाट्याचं ते शेवटचं सरळ हसणं होतं.

कारण निघायच्या आधी, ती आरशासमोर अंबाडा घालत असताना, मी माझी चपटी बाटली मोठ्या रुमालात गुंडाळून तिच्या पिशवीत सरकवली होती. शालीखाली. बोटीवर विकत मिळते, हे मला माहीत होतं. पण व्याह्यांसमोर मागणार कशी? आणि म्हाताऱ्या बाईची पिशवी कोण तपासणार?

तपासली. धक्क्यावर एक रक्षक पोरगी सगळ्यांच्याच पिशव्या पाहत होती. तिनं शाल काढली, चंची काढली, मग रुमाल उलगडला. "ये किसका है?" मागे व्याही, विहीणबाई, केतकी — माझी होणारी सून — आणि नीलेश. अक्कानं बाटलीकडे पाहिलं, मग रुमालाकडे. रुमाल तिच्या ओळखीचा होता. ती माझ्याकडे वळली आणि सरळ म्हणाली, "हे माहं नाही बा. बाळूचं हाय."

एक श्वास घेण्याइतका वेळ माझ्यापाशी होता. तेवढ्यात खरं बोलता आलं असतं. मी काय केलं?

मी हसलो. आणि व्याह्यांकडे पाहून कपाळाच्या कडेला दोन बोटं टेकवली. जीभ नंतर हलली, आधी बोटं. मग हळू आवाजात म्हणालो — अलीकडे अक्काचं जरा असं होतं, कुठलीही वस्तू उचलते, पिशवीत टाकते, आणि मग तिला आठवत नाही.

इतकंच. व्याह्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. विहीणबाईंनी अक्काचा हात हातात घेतला. रक्षक पोरीनं बाटली बाजूला ठेवून "जाइए माताजी" म्हटलं. ढीग वेगळा झाला होता. अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग फळीवरून बोटीत उतरली.

तुम्ही म्हणाल, भीतीपोटी एखादं वाक्य निसटतं. म्हणू नका. सगळं कुठे ऐकलंय तुम्ही?

वर गाणारा जुनी हिंदी गाणी म्हणत होता. बोट निघाली आणि किनाऱ्यावरच्या इमारती एकामागून एक उजळत गेल्या. पाण्यात त्यांचे लांबच लांब पिवळे पट्टे हलत होते. दिसायला सुंदर होतं, ते मी नाकारत नाही. अक्का कठड्याशी उभी राहून म्हणाली, "येवढे दिवे सकाळी इझवते कोण रे? त्याची बायको त्याले घरात दिसत असंन का?" तासाभरापूर्वी या वाक्यावर सारी गाडी हसली असती. आता विहीणबाईंनी केतकीकडे पाहिलं आणि केतकीनं खाली. कोणीतरी अक्काला खुर्ची दिली. एकदा माणसाचं डोकं फिरलंय असं ठरलं की त्याचा विनोद विनोद राहत नाही हो. लक्षण होतो.

मग जादूगार आला. त्यानं केतकीच्या बोटातली सकाळचीच अंगठी मागून घेतली, मुठीत धरली, फुंकर मारली — अंगठी गायब. सगळे आ वासून. अक्का खुर्चीतूनच म्हणाली, "अरे, कालरच्या मांगं टाकली नं त्यानं." जादूगार क्षणभर थांबला. त्याचा हात मानेकडे जाता जाता परत आला. मीही पाहिलं होतं. बाजारात घडलेली नजर आम्हा दोघांची, हाताकडे पाहणारी. पण विहीणबाई तिला लहान मुलाला समजवावं तसं म्हणाल्या, "हो हो आत्या, आहे हं तिथे." लोक मायेनं हसले. मी? मीही हसलो. आणि खाली जाऊन पोटभर जेवलो. तेही सांगून टाकतो. जेवण छान होतं.

लग्न झालं. आता नीलेशची मुलगी शाळेत जाते.

गोष्ट बोटीवर संपली असती तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. पण नीलेशनं काळजीनं वडनेरला कळवलं. संतोषला, अक्काच्या मुलाला. संतोष वाईट नाही, त्याची बायको रेखा तर मुळीच नाही. त्यांनी जे केलं ते मायेनं केलं. आधी अक्काचं बाजारात जाणं थांबवलं — रस्त्यात हरवली तर? मग गॅसजवळ जाणं थांबवलं. काडेपेटी वरच्या फळीवर गेली. अक्का भांडली. जितकी भांडली तितकं त्यांचं खरं ठरत गेलं. मग तिला अकोल्याला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं, आणि बरोबर कोण गेलं? मी. मोठा माणूस, शब्दाला वजन असलेला.

डॉक्टरांनी तिला वार विचारला. ती म्हणाली, "काऊन, तुले माहीत नाही? भिंतीवर तं टांगून ठेवला." आणि पुढच्या एकाही प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही. येडी समजून विचारतात म्हणाली. डॉक्टर माझ्याकडे वळले — पहिल्यांदा केव्हा लक्षात आलं?

इथे कोण होतं? व्याही नव्हते. मोडायला सोयरीक नव्हती. लग्न होऊन वर्ष उलटलं होतं. बंद खोली, डॉक्टर, संतोष, अक्का आणि मी. इथे खरं बोलायला माझं काय जात होतं? थोडी लाज. तेवढीच.

मी म्हणालो — मुंबईला, बोटीवर चढताना.

हे माझं खरं पाप. धक्क्यावरचं नाही, हे. धक्क्यावर मी भ्यालो होतो. इथे मी भ्यालो नव्हतो. इथे मी बहिणीच्या डोळ्यांसमोर, शांतपणे, तिच्या वेडाची तारीख लिहून दिली. गोळ्या सुरू झाल्या. दुपारच्या दुपार ती झोपून राहू लागली. वांगी निवडणारे तिचे हात मांडीवर उताणे पडलेले मी पाहिलेत. पाहिले, चहा प्यालो आणि खामगावची गाडी धरली. कित्येकदा.

दर भाऊबीजेला मी वडनेरला जातो. अक्का ओवाळते. पण निरंजन रेखा लावते, आणि अक्काच्या हातातल्या ताटाला खालून आपला हात धरते — पदर पेटेल म्हणून. इतक्या वर्षांत मी त्या ताटात ओवाळणी टाकली, वाकून पाया पडलो आणि गप्प राहिलो. गेल्या वर्षी का बोललो? मोठं काही घडलं नव्हतं. ताट वर आलं, आणि ज्योतीवरून अक्कानं माझ्याकडे पाहिलं. धक्क्यावर पाहिलं होतं तसंच. तिला सगळं आठवत होतं. तिला नेहमीच सगळं आठवत होतं.

मी पाटावरून उठलो. फळीवरची काडेपेटी काढली, अक्काच्या हातात ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं. नीलेश, केतकी, संतोष, रेखा. बाटली माझी, रुमाल माझा, खोटं माझं. डॉक्टरांसमोरचंही. सगळं.

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. संतोष हळूच म्हणाला, "मामा, बसा. थकले तुमी." नीलेशनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. धक्क्यावर विहीणबाईंनी अक्काचा हात धरला होता ना, तसाच. आदल्याच दिवशी माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. केतकी त्याच्या कानाशी बोलली, पण माझे कान अजून शाबूत आहेत. "बाबांचंही आत्यांसारखंच सुरू झालं का रे?"

आणि अक्का हसली. मोठ्यानं, बाजारात हसायची तशी. हसता हसता म्हणाली, "आता कसं वाटून राह्यलं, बाळू?"

रेखानं तिच्या हातातून काडेपेटी अलगद काढली आणि परत फळीवर ठेवली.

अक्कानं मला माफ केलं असा अर्थ मी यातून काढलेला नाही. तुम्हीही काढू नका. आता नीलेश म्हणतो, जाऊ द्या बाबा, या वयात कशाला जुनं उकरता. मला पुढच्या महिन्यात अकोल्याला न्यायचं त्यांच्या मनात आहे. न्या. मी वार सांगीन, महिना सांगीन, आणि बाटलीचंही सांगीन. डॉक्टरांना काय लिहायचं ते लिहू द्या.

माझ्या बहिणीचं डोकं तेव्हा ठिकाणावर होतं, आजही आहे. तिला येडी मी ठरवलं. दोन बोटांनी.

यंदाच्या भाऊबीजेलाही मी वडनेरला जाणार आहे. काडेपेटी घेऊन जाणार आहे, आणि निरंजन अक्का लावणार आहे. कोणाला दारात तपासायचं असेल तर खुशाल तपासा. ती माझ्या खिशात असेल. अक्काच्या पिशवीत नाही.