बोट ठेवलं की चालतंय

बारामतीजवळच्या एका पॉलिटेक्निकात मी इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळतो. पोरांना काय शिकवलं देव जाणे, पण किस्से पोत्यानं जमलेत. त्यातले निम्मे ऑसिलेटरचे. प्रयोग साधा हो! एक ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. बाहेरून सिग्नल न देता सर्किटनं आपणहून लाट काढायची, बास. पण सुखानं होईल तर शपथ.

*

कोऱ्हाळ्याची एक पोरगी धावत आली, लाट आली म्हणून. गेलो. सीआरओच्या, म्हणजे लाट दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर खरंच लाट डोलत होती. म्हटलं, सर्किटला सप्लाय कुठाय? म्हणाली, तो जोडायचाय अजून! भिंतीतल्या विजेची गुणगुण पकडून बाई खूश होत्या. मी कपाळाला हात लावला.

*

इंदापूरचा एक पठ्ठ्या सर्किट जोडायच्या आधीच आलेख काढून मोकळा. का रे बाबा? "सर, उत्तर ठावं हाय, मग येळ कशाला घालवायचा?" डोकंच फिरलं. मुद्दाम त्याला दुसऱ्याच व्हॅल्यूचे कपॅसिटर दिले, म्हणजे फ्रीक्वेन्सी बदलायलाच हवी. तरी ह्याची फ्रीक्वेन्सी तीच!

*

आमचे ब्रेडबोर्ड इतके जुने, की वायर खोचायची भोकं सैल झालीत. नवे मागून मागून माझं तोंड दुखलं. शेवटी पोरांनीच रीत पाडली. जी पिन हलते तिच्यावर बोट दाबून धरायचं. बोट ठेवलं की लाट हजर, काढलं की गुल. एकदा बघतो तर अख्खी बॅच दोन्ही हातांची बोटं दाबून उभी, आणि रीडिंग लिहायला हात कुणाचाच मोकळा नाही. परीक्षेला बाहेरचे सर येतील तेव्हा काय कराल, म्हणून मी घसा फोडला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

*

पणदऱ्याचा गणेश ह्याच विषयात अडकलेला. साखर कारखान्यात नोकरी ठरलेली, पण पास झाला तरच. प्रॅक्टिकलच्या दिवशी वडील गेटबाहेर मोटारसायकलवर बसून होते. परीक्षक कडक. माझाच जीव टांगणीला.

ते गणेशच्या टेबलाशी आले. पडद्यावर लाट स्वच्छ. फ्रीक्वेन्सी विचारली, त्यानं बरोबर सांगितली. सूत्र विचारलं, तेही आलं. परीक्षक खूश झाले. म्हणाले, "छान. आता ते बोट काढ."

गणेशनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"सर," तो परीक्षकांना म्हणाला, "आदी मार्क टाका, मग काढतो."