इंदिरानगरची धूळ

धुळीला शिव्या देण्यात आमच्या इंदिरानगरात माझा हात कोणी धरू शकत नाही. पापड वाळत घातले की तासाभरात त्यांच्यावर थर! आणि समोरच्या गच्चीवर ती मुलगी रोज दुपारी मुठीएवढं यंत्र सूर्याकडे रोखून उभी. ओढणी कमरेला खोचायची, श्वास रोखायची, आणि नेमका ढग आडवा आला की पाय आपटायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा न राहवून ओरडले, "ए पोरी, काय मोजतेस गं?"

"धूळ, काकू! हवेतली धूळ आणि धूर उपग्रह वरून मोजतो. तो डोक्यावर येतो तेव्हाच मी खालून मोजते. दोघांचं जुळलं, तरच त्याचं खरं मानायचं. पण ढग आला की सगळं फुकट."

त्या दुपारीही ढग सूर्यावर ठाण मांडून बसला होता. पापड सोडून मीही वर बघत राहिले. अगदी शेवटच्या क्षणी तो सरकला आणि तिनं यंत्र उचललं.

काही दिवसांनी ती कठड्यावरून जवळजवळ नाचतच ओरडली, "काकू, जुळलं! आपली धूळ त्याला वरून बरोब्बर दिसली!" पिठाच्या हातांनी मी टाळ्या पिटल्या.

रात्री जेवताना पापड दाताखाली कचकचला, तसं ह्यांनी तोंड वाकडं केलं.

"गपचूप खा," मी म्हटलं, "अवकाशातून मोजलेली धूळ आहे ती!"