चाड्यावरची मूठ

माझ्या नातसुना लेकराच्या हातातून ताट काढून घेतात, सांडेल म्हणून. मला लय राग येतो. सांडू द्या की! सांडल्याबिगर हात बसतो का कुणाचा?

आमची माय, चतुराबाई, अशी न्हवती. तिनं आमच्या हातातलं काम कधीच काढून घेतलं न्हाई. माझा भाऊ बन्सी सात वर्षांचा असताना तिनं त्याला भाकरी थापायला बसवला, तेव्हा शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. पहिली भाकर तव्यावर तीन तुकडे होऊन पडली. मायनं ती त्याच्यासंगं बसून कौतुकानं खाल्ली, पण दुसरी थापायला त्यालाच लावली.

गाव आमचं ताडकळसच्या अलीकडं, काळ निजामाचा, पोलिस ॲक्शनच्या पाच-सहा वर्षं आधीचा. मायचं नाव गावात होतं ते चाड्यावरच्या मुठीसाठी. पेरायच्या तीन फणांच्या तिफणीवर लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. त्याच्या तीन भोकांतून बी तीन नळ्यांत जातं आणि नळ्यांतून मातीत. गडी बैल हाकतो, बाई मागं चालत मुठीतून बी सोडते. मूठ जास्त सैल झाली की पीक दाटतं, आवळली की विरळ पडतं. मायनं पेरलेली ज्वारी उगवली की ओळी सुतात दिसायच्या, म्हणून रब्बीला लोक तिला आधी सांगून ठेवायचे.

आणखी एक खोड होती तिची. संध्याकाळी भाकर मोडायच्या आधी ज्यानंत्यानं आज काय चुकलं ते सांगायचं. सुरुवात ती स्वतःच करायची. आज दूध उतू घालवलं, आज सासूबाईंना उगंच तोडून बोलले. मग आमचे वडील, सटवाजी, हसत हसत आपलं काहीतरी सांगायचे. रागावणं न्हाई, शिक्षा न्हाई. चुकलं ते सांगायचं आणि जेवायचं.

मी तेरा वर्षांची झाले त्या साली किशनरावांच्या मळ्यात तिनं मला एकटीला पाठवलं. किशनराव गावातले मोठे शेतकरी, तोंडाचे भारी तिखट. तिफण त्यांचा सालगडी भुजंगकाका धरणार होता. त्याच्या घरात खाणारी सहा तोंडं, आणि मालकाची मर्जी गेली की दुसऱ्या दिवशी दुसरा गडी. मी तर हवेतच होते. ओटीत बी बांधून, लुगडं खोचून अशी चालले जशी काही मीच चतुराबाई.

दुपारनंतर भुजंगकाका त्याच्या मेव्हण्याच्या लग्नातल्या गमती सांगायला लागला आणि मी ऐकत, हसत राहिले. विहिरीपाशी आलो तेव्हा ध्यानात आलं की ओटी अजून जड हाय. चाड्यात बघितलं तर मधल्या भोकावर बियांचा ढीग. वळणावर तिफण टेकवताना मधल्या फणाच्या तोंडात ओली माती बसली होती. वळणावरच्या निंबापासून विहिरीपर्यंत मधली ओळ सगळी कोरी! भुजंगकाका बैलांना पाणी दाखवायला गेला होता. मी तुरीची काडी घालून नळी मोकळी केली आणि गप बसले.

संध्याकाळी माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, आज काही चुकलं न्हाई. मायनं माझ्या ओटीतलं उरलेलं बी सुपात ओतलं होतं. किती एकराला किती लागतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. तरी ती चिडली न्हाई. तिनं एवढंच विचारलं, "आठ दिवसांनी रान दिसंल. तिफण कोणाच्या हातात होती, कस्तुरा?"

"भुजंगकाकाच्या."

"मग किशनराव कोणाला बोलतील?"

मी सगळं सांगून टाकलं, रडले, आणि तिला म्हणाले, माय, तू जाऊन सांग, तुझं ते ऐकतील. ती म्हणाली, संगं येते, पण बोलायचं तू. ओल हाय तोवर बी पडलं तर उगवंल, उशीर झाला तर ओळ गेली.

सकाळी किशनराव गोठ्यापाशी उभे होते. माय फाटकापाशीच थांबली. मी म्हणाले, "मधली नळी बुजली होती. माझं ध्यान न्हवतं. भुजंगकाकाचा कसूर न्हाई." त्यांनी माझ्या अकलेपासून कुळापर्यंत सगळं काढलं. माय जागची हलली न्हाई. त्या घटकेला मला तिचा असा राग आला की काय सांगू! बोलून बोलून किशनराव थकले तेव्हा मी विचारलं, ती ओळ हातानं एकेक बी मातीत खोचून टोबून देऊ का? ते म्हणाले, मग काय मी टोबू?

मी खुरपं घेऊन निंबाखाली बसले. थोड्या वेळानं माय त्याच ओळीत थोडं पुढं येऊन बसली आणि तिच्या पुढं भुजंगकाका. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं मेव्हण्याच्या लग्नाची राहिलेली गोष्ट पुरी केली. दुपार टळायच्या आत ओळ भरली. मला इतकं हलकं वाटत होतं की कंबर मोडल्याचं ध्यानातही आलं न्हाई. टोबलेली ज्वारी बाकीच्यापेक्षा चार बोटं बुटकी राहिली, पण कणीस धरलं तिनं.

पुढच्या साली पेरणीच्या तोंडावर किशनराव स्वतः आमच्या दारात आले. माय पीठ मळत होती. ते म्हणाले, "चतुराबाई, औंदा बी पोरीलाच पाठवा. चुकली तर सांगंल तरी."

मी मायकडं बघितलं. तिनं मान वर केली न्हाई. "मला काय इचारता? मूठ तिची हाय, तिला इचारा."

एवढा मोठा माणूस माझ्याकडं वळला आणि येशील का म्हणून विचारलं. मी म्हणाले, येते, पण दर वळणाला तिफण थांबवून तिन्ही नळ्या बघणार. उशीर झाला म्हणून कुणी बोलायचं न्हाई.

किशनराव बरं म्हणाले आणि गेले. मायनं पिठाच्या हातानं डोळे पुसले, सगळा गाल पांढरा झाला तिचा.