मंडपीच्या कड्या

नवरा सणाला येणार म्हटलं की कोकणातली बाई घर झाडून-सारवून तयार ठेवते. नवरा कायमचा येणार म्हटलं की काय करायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपली दरवर्षीसारखा भिंतींना चुना काढून मोकळी झाले. भांडुपच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळण्यात जन्म घालवून हे निवृत्त झाले आणि गणपतीच्या तोंडावर टेम्पोतून सामान घेऊन आले. एक पंखा, कुकर, गाद्या, स्क्रूच्या डब्यांचं खोकं, आणि सगळ्याच्या मधोमध गोधडीत गुंडाळलेली काचेची पेटी. मासे वेगळे, पिशव्यांत, यांच्या मांडीवर. मालगुंडच्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरात मुंबईहून मासे आले, याचं वाडीला फार कौतुक. "कालवणाला पुरतील का वैनी?" असं प्रत्येकीने मला विचारून घेतलं.

पेटीचं झाकण मात्र हातखंब्याच्या पुढे कुठल्याशा खड्ड्यात फुटलं होतं, आणि दिवे त्या झाकणातच होते. पेटीत पाण्यातली झाडं होती. उजेड नाही मिळाला तर झाडं कुजतात, झाडं कुजली की पाणी बिघडतं आणि मग मासे जातात, असं यांनी मला समजावलं. त्या मापाचं झाकण रत्नागिरीत मिळेना. "त्यात काय, वर चौकट करायची नि दिवे बसवायचे," म्हणाले, आणि खिशात टेप नि कानावर पेन्सिल ठेवून घरभर फिरू लागले.

पहिली चौकट लोखंडाची झाली. मी म्हटलं, इथे लोखंड टिकत नाही, आपल्या खिडकीचे गज बघा. ऐकतील तर शपथ. वरून खारी हवा, खालून पाण्याची वाफ. गणपती उठायच्या आत तिला गंज चढला आणि पाण्यावर तांबूस तवंग आला. दुसरी केली नळाच्या प्लास्टिक पाइपची, एल्बो लावून. ती दिसायला झकास, पण दिव्यांच्या वजनाने मधोमध अशी वाकली की तिला टेकू द्यायला तिसरी चौकट लागली असती. मी हसले. यांना राग आला, तोही मुंबईचा. म्हणजे बोलायचं काही नाही, फक्त दार जोरात लावायचं. खरं सांगायचं तर मला त्या ठाकठोकीची मजा वाटत होती. एरवी सणात हे पाहुण्यासारखे खुर्चीत बसून चहाची वाट बघायचे.

विसर्जन झालं. वाडीतले चाकरमानी गाड्या भरून निघाले. दरवर्षी त्यांच्यात हेही असायचे. यंदा माझ्या शेजारी उभे राहून त्यांनीच हात हलवला. दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले, वहिनीला बरं नव्हतं म्हणून. तिला हातीपायी धड करून परत आले, तर उंबऱ्यातच थांबले.

आमच्या पुढच्या खोलीत आढ्याला लोखंडी कड्या आहेत. गणपतीत त्यांना मंडपी बांधतात. मंडपी म्हणजे लाकडी रिपांची चौकट. ती देवाच्या डोक्यावर टांगायची आणि तिला कवंडळाची लाल फळं, शेरवडाची पांढरी पानं, आंब्याचे टाळ, सुपारीचे घोस बांधायचे. सण संपला की मंडपी माळ्यावर जाते, कड्या तशाच राहतात. त्या कड्यांना यांनी नवी लाकडी चौकट टांगली होती, तिच्यावर दिव्यांच्या पट्ट्या, आणि खाली, जिथे पंधरवड्यापूर्वी गणपती होता, तिथे पेटी. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होतं. हिरव्या झाडांमधून मासे फिरत होते आणि उजेड भिंतीवर हलत होता.

"कशी काय झालीय?" हे म्हणाले. "वाकायला नको नि गंजायला नको. कड्या देवानेच दिल्यान. आणि जागा काय, रिकामीच असते ही."

"माझं मशीन?"

"हाय की पडवीत. जिथं असतं तिथंच."

मी पिशवी खाली ठेवली. तिथे माझं शिलाईचं मशीन असतं. पूर्वेच्या खिडकीखाली, कारण सकाळचा उजेड थेट सुईवर पडतो. वाडीच्या बायकांचे ब्लाउज, गणपतीपुळ्याच्या लॉजचे पडदे आणि उशांचे अभ्रे, सगळं मी तिथे बसून शिवलंय. मुलगी त्या मशीनच्या पायाशी पाटी घेऊन बसत लग्नाएवढी झाली. पण गणपती आले की जागा देवाची, मशीन पडवीत. शिमग्याला पालखी घरी येते, तेव्हाही तिथेच पाट मांडायचा, मशीन पडवीत. मेमध्ये पाहुण्यांच्या गाद्या पडतात, मशीन पडवीत. आणि हे घरी यायचे ते नेमके याच दिवसांत. त्यांची गाडी गेली की मी पदर खोचून मशीन ढकलत आत आणायची. त्यांनी ते जागेवर कधी पाहिलंच नव्हतं. या माणसाने स्वतःचं घर फक्त सणाच्या कपड्यांत पाहिलं होतं.

"रिकामी नसते ती," मी म्हटलं. "तुमी गेलात, की तितं मी बसतंय."

त्यांना पटकन कळलं नाही. मग कळलं, तसा चेहरा उतरला. मी मात्र थांबले नाही. माझं तोंड आधीच तिखट, त्यात प्रवासाचा शीण. म्हटलं, सगळ्या वर्षभराची मी आणि चार दिवसांचे तुम्ही, आणि पडवीत कोण, तर मी. बोलता बोलता रडू आलं. ते मशीनसाठी नव्हतं. या घराचं जे चित्र हे मुंबईला मनात घेऊन बसत होते, त्यात मी पाट मांडणारी, भाकऱ्या थापणारी, निरोप देणारी असणार. शिवणारी बाई त्यात नव्हतीच. इतकी वर्षं मी ज्याला माझं जगणं समजत होते, ते यांच्या खिजगणतीत नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

हे पायरीवर जाऊन बसले. मागे न बघताच म्हणाले, "मग माझी जागा कंची गो, ह्या घरात?"

रागाने विचारलं असतं तर मी उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण ते खरंच विचारत होते. मग म्हणाले, कंपनीतून फोन आला होता, नव्या पोरांना स्टोअरचं काही उमगत नाही, वर्ष-दोन वर्षं परत या म्हणतात. "येतो म्हणून सांगू काय?"

"जा" हा शब्द माझ्या ओठांवर होता. एका अक्षराचा तर शब्द. तो बोलले असते तर हे गेले असते, त्याबद्दल मला आजही शंका नाही. आणि मी मशीन आत आणून, उजेडात बसून, कुणाशी न बोलता पडदे शिवत राहिले असते. त्या विचाराने मलाच धस्स झालं. म्हणून भलतंच काहीतरी विचारलं. म्हटलं, "ही पेटी मुंबईच्या खोलीत होती तरी कुठे? मी दिवाळीत तिकडे येत होते, मला कधी दिसली नाही."

"तू यायचीस तेव्हा शेजारच्यांकडे ठेवायचो. नायतर तुझी गादी कुठं पडली असती?"

मला आठवलं. शेजारच्या खोलीत मी मासे पाहिले होते. किती छान ठेवलेत म्हणून त्या बाईला शाबासकीही दिली होती. ती नुसती हसली होती. म्हणजे यांचीही माझ्यासारखीच एक पडवी होती, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मी जाऊन पायरीवर बसले. जवळ नाही, जरा अंतर ठेवून. राग काही गेला नव्हता.

सकाळी चहा घेता घेता हे म्हणाले, "गणपती नसतो तवा घर कसं असतं, ते दाखव."

परक्या माणसाला दाखवावं तसं मी त्यांना त्यांचं घर दाखवलं. थंडीत कुळीथ कुठे वाळतात, भाताचा कणगा कुठे येतो, मेच्या आधी आंब्याच्या पेट्या कुठे लावते. हे टेप घेऊन मागून येत होते. मी एकटी असले की जेवायला कुठे बसते, असं यांनी विचारलं. मशीनच्या फळीवर ताट ठेवते, म्हटलं. त्यांनी टेप मिटवून खिशात घातला.

मग तिसरी चौकट उतरवून चौथी झाली. फणसाच्या रिपांची, लांबच लांब, अर्धी पेटीवर आणि अर्धी मशीनवर येईल अशी. मला मशीनवर बसवलं आणि सुईपासून वरपर्यंत माप घेतलं. "मान वाकवून शिवतेस तशी बस, फोटोला बसल्यासारखी नको," म्हणाले. साखळ्या नकोत, सुंभ घ्या, हे मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. गाठी माझ्या. मंडपी इतकी वर्षं मीच बांधत आलेय, माझी गाठ सुटत नाही. सगळं गोड झालं असं मात्र कुणी समजू नये. मी मशीनचा पायटा मारला की पेटीतलं पाणी थरथरतं, आणि यांना वाटतं माशांना त्रास होतो. त्यांच्या पंपाची घरघर माझ्या डोक्यात जाते. दुपारी कुणीतरी एकाने थांबायचं, असं ठरलंय, आणि कुणी, यावर रोज भांडण आहे.

यंदाही गणपती आले. लांब चौकट उतरवली, मंडपी चढवली, पेटी आणि मशीन दोन्ही पडवीत गेली. विसर्जन झालं. दुसऱ्या सकाळी समोरच्या घरातला चाकरमानी गाडीच्या टपावर नारळाची पोती बांधत होता. जुन्या सवयीने त्याने कुंपणावरून हाक मारली, "काय दादा, कधी निघताव?"

हे पडवीत वाकलेले होते. एक हात मशीनच्या फळीखाली, एक पायट्याला.

"नाय रे," म्हणाले, "हिला आत बसायचं हाय."