रामकिशन मास्तरांचं नाव

अहमदपूरच्या बसस्टँडमागं रामकिशन मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं. शाळेचा ड्रेस शिवताना ते आत दोन बोटं कापड जास्तीचं दाबून ठेवायचे. जून आला की आया तोच ड्रेस घेऊन यायच्या आणि मास्तर शिवण उसवून तो वाढवून द्यायचे, तेही फुकट. "पोरं वाढणारच की," म्हणायचे. मी शाळेत शिक्षक. माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्यांच्याच हातचं घालायची.

लातूर जिल्हा झाला आणि तिथं रेडीमेड कपड्यांचं मोठं दुकान निघालं. मालक शिवमूर्ती शेठ स्वतः मास्तरांकडे आले. कटिंग मास्तरांचं, शिलाई कारखान्यात, आणि प्रत्येक कॉलरला लेबल: 'रामकिशन मास्तर, अहमदपूर'. मास्तर हरखून गेले, गल्लीभर पेढे वाटले. पहिला माल आला तेव्हा त्यांनी एक ड्रेस उलटा करून पाहिला. आतलं दोन बोटं कापड गायब! शेठ हसले, "मास्तर, रेडीमेड कोण उसवून बघतंय?" मास्तरांनी ड्रेस सुलटा केला आणि लेबल तसंच राहू दिलं. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला. कॉलरवरच्या चार अक्षरांना एवढा शहाणा माणूस भुलावा!

पुढं दुष्काळ पडला, तोही लागोपाठ दोन वर्षं. नवा ड्रेस घ्यायची कुणाची ऐपत उरली नाही. जूनमध्ये भामाबाई दुकानात आली. रोजगार हमीवर खडी फोडणारी बाई. तिची सिंधू माझ्याच वर्गात, सातवीत. लेबलवाला ड्रेस पोरीला छातीत आवळत होता. मास्तरांनी शिवण उसवली.

"आत कापडच न्हाई, भामाबाई."

"असं कसं हुईल? तुमचं नाव हाय की. नाव बघूनच घेतला म्या."

मास्तरांनी उसवलेली शिवण परत घातली. सिंधू तोच ड्रेस घालून चार दिवस शाळेत आली. पुस्तक छातीशी धरून बसायची, फळ्यापाशी बोलावलं तरी उठायची नाही. आणि मी दीडशहाणा, तिला उद्धट समजून सगळ्यांदेखत रागावलो. पाचव्या दिवसापासून ती आलीच नाही. ते आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

पोर शाळेत येत नाही हे बऱ्याच दिवसांनी माझ्याकडून कळलं, तेव्हा मास्तरांनी स्वतःच्या कापडाचा नवा ड्रेस शिवला, आत चार बोटं सोडून. पावसाळा सरत आला तेव्हा आम्ही दोघं तो घेऊन खडीच्या कामावर गेलो. सिंधू आईशेजारी खडीच्या पाट्या उचलत होती. भामाबाईनं पदराला हात पुसले आणि ड्रेस पोरीच्या अंगाला लावून पाहिला.

"लई झ्याक बसतोय, मास्तर. पर हिचं लगीन जमलंय. नायगावचे सोयरे हायत."

"तेरा वर्षांची हाय ओ ती!" मास्तर ओरडले.

"शाळा सुटल्यावर पोर घरात कुठवर ठिवू?"

मास्तर तिथंच खडीवर बसले आणि रडायला लागले. भामाबाईनं ड्रेसची नीट घडी घातली, त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांचीच समजूत काढायला लागली.

"तुमी मनाला लावून घिऊ नका, मास्तर. आता लुगडंच नेसंल ती. त्याला माप लागत न्हाई."