वाकळा आणि काकांचा संशय

आमच्या आमोण्याच्या काकांचा या जगात कोणावर विश्वास असेल तर तो फक्त गणपतीवर, आणि तोसुद्धा मूर्ती सोंडेपासून उंदरापर्यंत तपासून घेतल्यावर. बाकीचे सगळे त्यांच्या लेखी अजून न सापडलेले चोर. सकाळी पोदेर भोंगा वाजवत पाव घेऊन आला की काका एकेक उंडा दाबून बघणार, कालचा तर नाही ना. यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. उभी हयात त्यांनी खाणीवरच्या वजनकाट्यावर काढली. ट्रकमधली खोट हुडकण्यात ज्याचे केस पिकले, तो घरी बसला म्हणून भोळा थोडाच होणार!

खाण बंद पडली आणि काकांच्या संशयाला कामच उरलं नाही. त्याच सुमारास काकीनं दारावर आलेल्या फेरीवाल्याकडून एक जाडजूड रजई घेतली. काकांनी ती तिच्या देखत उसवली, आतल्या मळक्या चिंध्या अंगणात पसरल्या, "पळय, हो तुजो कापूस!" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच वाकळा शिवायला बसले. वाकळ म्हणजे गोधडीच, पण काकांची वाकळ सणाची. चवथीच्या वाकळेला वरच्या अंगाला गणपतीवर बांधतात तशी अख्खी फळापानांची माटोळी: हिरव्या लुगड्याची तोरिंगं, पिवळ्या पोलक्याच्या सुपाऱ्या, मधोमध नारळ. दिवाळीच्या वाकळेवर जीभ काढलेला नरकासुर, त्याच्याखाली झोपायला घरातलं एकही पोर तयार नसतं. शिगम्याची, म्हणजे आमच्या होळीची, तर इतकी भडक की डोळे मिटले तरी दिसत राहते. शिंप्यानं कात्रणं ढापू नयेत म्हणून काका त्याच्यासमोर स्टूल टाकून बसतात. नमुना कोणी चोरू नये म्हणून वाकळा उलट्या वाळत घालतात. त्यामुळे एवढ्या कलाकुसरीची सुलटी बाजू वाडीत अजून कोणीच पाहिलेली नाही.

चवथीला आम्ही सगळे पुतणे बायकापोरांसह मूळ घरी जमतो आणि रात्री या वाकळा अंगावर घेऊन रांगेनं झोपतो. परतायच्या दिवशी काका फाटकात उभे. "विस्वास आसा रे, पूण पळयल्यार कितें वता?" असं म्हणत प्रत्येकाची पिशवी उघडणार. आणि तरीही दरवर्षी एक वाकळ जातेच, तीही नवी कोरी! मग वर्षभर संशय: कधी माझ्या बायकोवर, कधी भटजीवर, एकदा तर विसर्जनाला आलेल्या ढोलवाल्यावर. ढोलात लपवली असणार, म्हणे.

ती कुठं जाते ते मला ठाऊक होतं. काकांची एकुलती एक मुलगी शालन हिनं सावंतवाडीकडच्या एका ट्रक ड्रायव्हरशी पळून लग्न केलं. काट्यावर काकांनी ज्याचा ट्रक परत पाठवला होता, नेमका तोच. तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नाही. ती राहते त्या इब्रामपूरला मी एकदा कामानिमित्त गेलो होतो, तेव्हा तिच्या अंगणात काकांच्या वाकळा सुलट्या, उन्हात झळकत होत्या. "आई हाडून दिता," ती म्हणाली, "बाबांक खबर ना." चवथ आटोपली की काकी भरगच्च पिशवी घेऊन 'बहिणीकडे' निघायची आणि काका स्वतः ती पिशवी बसस्टॉपपर्यंत वाहून न्यायचे. "फातर भरल्यात काय गे?" एवढंच कुरकुरायचे. जगाच्या पिशव्या तपासणारा माणूस घरातच कसा फसतो, याचं मला वर्षानुवर्षं हसू यायचं.

यंदा काकी गोठ्यात घसरली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. चवथ झाली, पिशव्या उघडून झाल्या, वाकळा मोजून झाल्या. एकही कमी नव्हती. काकांनी आनंदानं उडी मारायला हवी होती. पण ते पुन्हा आत गेले, पुन्हा घड्या उलगडल्या, बाहेर येऊन नुसतेच उभे राहिले. मी गाडी काढताना जवळ आले.

"तूं इब्रामपूरच्यान वता मरे?"

"वचूं येता, काका."

ते आत जाऊन यंदाची माटोळीची वाकळ पिठाच्या पोत्यात घालून घेऊन आले आणि गाडीत मागे ठेवली.

"ही चोरीक गेल्या म्हूण हांव सांगतलों," ते म्हणाले. "तूं कोणाक कांय सांगूं नाका." एवढं बोलून लगेच माझ्या धाकट्या भावाची डिकी उघडायला गेले.

इतकी वर्षं मी ज्यांना फसलेले समजून हसत होतो, त्यांनी सगळ्या गावावर आळ घेतला तो एकट्या काकीवर घ्यावा लागू नये म्हणून!

काकांचा शब्द मी इब्रामपूरला मोडला. वाकळ शालनच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "ह्या वर्सा बाबांनीच धाडल्या."

तिनं वाकळेची शिवण चाचपली, पोतं उलटंपालटं केलं. "फटी मारिनाका," मला खोट्यात काढत ती म्हणाली. "बाबा म्हाका कित्याक दितले?"

मी गणपतीची शपथ घेतली, पण मुलगी काकांचीच. शेवटी तिनं चहा ठेवला, आईच्या पायाची चौकशी केली आणि मी निघताना, भलतीकडेच बघत, "बाबा कशे आसात?" एवढं विचारलं. बरे आहेत, म्हटलं. काका आता थकलेत, सुईत दोरा ओवायला त्यांना दुसऱ्याला हाक मारावी लागते, हे सांगायला हवं होतं. पण म्हटलं, नको. तेही तिला खरं वाटायचं नाही.